तिन्ही रेघा मान्य

माणसं एकत्र आणण्याची कला एकतर रक्तात असते, नाहीतर नसते. माझ्या रक्तात ती ठासून भरलेली आहे! आमचं घराणं पंचवटीतलं, यजमानांची पिढीजात सेवा करणारं. यजमान पहाटे येवो की भर दुपारी, वडिलांनी त्याला कधी 'नाही' म्हटलं नाही. तोच गुण माझ्यात उतरला. फक्त मी सिव्हिल इंजिनिअर झालो आणि सातपूरच्या एका कारखान्यात सात वर्षं स्टोअरच्या खिडकीतून नटबोल्ट वाटत बसलो.

इंजिनिअर, आणि स्टोअरमध्ये! सासुरवाडीला गेलो की मेहुणा चारचौघांत विचारायचा, "काय ढुंढिराजराव, सध्या कुठला पूल बांधताय?" मी चहात बिस्कीट बुडवत राहायचो.

तर २००२च्या जानेवारीत बड्या साहेबांनी मला बोलावलं. कंपनीच्या वसाहतीचं सांडपाणी उघड्या नाल्यातून वाहायचं, आणि वास असा की पाहुणे चहाला थांबायचे नाहीत.

"ते पाणी झाडांच्या मुळांनी साफ करायचं आणि त्यावर बाग फुलवायची," साहेब म्हणाले. "वनस्पतिशास्त्राच्या बाई येतील, बागेचा आर्किटेक्ट येईल, बांधकाम तुमचं. तिघांनी मिळून एकच आराखडा करा. पाच जूनला, पर्यावरण दिनी, उद्घाटन. जमलं तर नवा प्रकल्प विभाग तुमचा. नाही जमलं तर..." साहेबांनी स्टोअरच्या दिशेने नुसती मान वळवली.

"जमलंच म्हणून समजा!" मी म्हणालो.

मालिनीबाई कॉलेजात शिकवायच्या, आणि समोरचा नापास झालेलाच आहे असं धरून बोलायच्या. "पाणी खडीतून हळूहळू गेलं पाहिजे. पाणकणसाच्या मुळांना वेळ मिळाला पाहिजे. वाफे उत्तरेच्या उतारावर घ्या. कळलं?"

"मान्य!" मी म्हणालो, आणि त्यांच्या नकाशावर तसं लिहून सही ठोकली.

आल्हाद नुकताच अहमदाबादेहून शिकून आला होता. खांद्याला झोळी, आणि झोळीत मतं. "सर, निसर्गात सरळ रेषा नसते. वाफे वळणावळणाने न्या. पाण्याने बागडलं पाहिजे!"

पाणी बागडतं कसं ते मला ठाऊक नव्हतं. तरी "मान्य!" म्हणालो. सही.

राहता राहिला माझा नकाशा. त्यात पाणी सरळ, जवळच्या वाटेने जात होतं. त्यावरही मी 'मान्य' लिहिलं. स्वतःवरच अन्याय का करा?

त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हे माझं धोरण. एकदाच पडली होती. तेव्हा बाई म्हणाल्या, "याला केळ आणि कर्दळ यांतला फरक कळत नाही," आणि आल्हाद म्हणाला, "बाईंना बाग नको, प्रयोगशाळा हवीय!" तेव्हापासून बाई सकाळी, आल्हाद दुपारी आणि मी संध्याकाळी. जो तो जागेवर जाऊन फक्कीने, म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीने, आपली रेघ मारून यायचा. एकाची पुसली तर भांडण. म्हणून मी कुणाचीच पुसली नाही. खणायच्या आधी बसू की एकदा!

तेवढ्यात देवळ्याला मावसभावाचं लग्न निघालं. तीन दिवस जिलेबी हाणून परत येतो, तर मंगळू छाती काढून उभा. मंगळू म्हणजे खणणाऱ्या टोळीचा म्होरक्या. पेठकडची ही माणसं भाताचं काम आटोपलं की नाशकात येतात आणि पावसाच्या तोंडावर घरी जातात. त्याच्यामागे जमिनीत तीन चर एकमेकांना आडवेतिडवे छेदत गेले होते.

"मंगळू! हे काय केलंस?"

"खांदलं, सायेब."

"अरे, पण तिन्ही?"

"तिन्ही रेघा सायबांच्याच ना? येकबी पुसलेली नव्हती. मंग आमी कोन ठरवनार?"

यात त्याचं कुठे चुकलं, ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

म्हटलं, पाणी तर सोडून बघू. थोडं बाईंच्या उतारावरून गेलं, थोडं आल्हादच्या वळणांत बागडलं, आणि उरलेलं सगळं माझ्या सरळ रेषेतून थेट बॅडमिंटन कोर्टावर! तिथे वसाहतीचा अंतिम सामना चालू होता. दोन खेळाडू, पंच आणि नेट, यांपैकी फक्त नेट कोरडं राहिलं.

मी डोकं धरून बसलो.

"बांध घालू का, सायेब?" मंगळू म्हणाला. "आमच्याकं डोंगराला भाताची खाचरं करत्यात, तशी पायरी-पायरी. वरचं भरलं का पानी खालच्यात."

"मान्य!"

आठवड्यात चर बुजले आणि सात पायऱ्या उभ्या राहिल्या. बांध उताराच्या कलाने वळत गेले, म्हणून आल्हाद खूश. पाणी पायरीपायरीवर थांबत होतं, म्हणून बाई खूश. प्रत्येकाला वाटलं, आपलाच नकाशा जिंकला! मी कुणाचा गैरसमज काढला नाही. खडी पडली, बाईंनी धरणाच्या काठावरून पाणकणीस, म्हणजे ते उंच पाणगवत, आणवलं, आणि मेअखेर ते कमरेएवढं झालं. शेवटच्या पायरीतून नितळ पाणी यायला लागलं. वास गेला! मेहुण्याला काय उत्तर द्यायचं, तेही मी पाठ करून ठेवलं.

चार जूनला मंगळू आला. "उंद्या पाव्हनं येनार. तण लय माजलंय, काढू का?"

मी नवी सफारी आणायला शिंप्याकडे निघालो होतो. "मान्य, मान्य!"

पाच जूनला सकाळी आठ वाजता पोहोचलो. वाफे स्वच्छ होते. इतके स्वच्छ, की खडीशिवाय काहीच नव्हतं! कडेची कर्दळ तेवढी उभी. मंगळूची बायको चिमणाबाई घाम पुसत म्हणाल्या, "येक काडी सोडली नाय, सायेब! खाचरात आसलं तण आमी ठेवतच नाय."

"अहो, तेच तर पीक होतं!"

"ह्ये? ह्येला म्हसरूबी तोंड लावत नाय!"

"मग कर्दळ का ठेवलीत?"

"ती देवाला वाहत्यात ना!"

तेवढ्यात एकीकडून मालिनीबाई आल्या, दुसरीकडून आल्हाद. वाफे पाहून बाईंना जे शब्द सुचले, ते इथे लिहिता येत नाहीत. शेवटी त्यांनी बांधावर टाकलेला, उपटलेल्या पाणकणसाचा एक भारा उचकटून पाहिला. "मुळं ओली आहेत! तासाभरात लावली तर जगतील!"

"म्हंजे आवणीच की! भाताचं रोप लावतो तशी!" चिमणाबाईंनी पदर खोचला. "त्यात काय!"

टोळीतल्या बायकांनी ओळ धरली. बाई चपला काढून उतरल्या, आल्हादने झोळी भिरकावली, आणि मी नव्या सफारीसकट गुडघ्यांवर! आल्हाद रोपांच्या मुठी करून देई, बाई खोली सांगत, मी खडी सारे, आणि चिमणाबाई आम्हा तिघांवर ओरडत होत्या, "वाका की! उभ्यानं लागतंय व्हय!" खरं सांगतो, पाच महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही एका वाफ्यात होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

पाहुणे पावणेदहालाच टपकले. सोबत बडे साहेब.

"वा!" पाहुणे म्हणाले. "तज्ज्ञ स्वतः चिखलात! मूळ आराखडा कुणाचा?"

"माझा!" बाई म्हणाल्या.

"माझा!" आल्हाद म्हणाला.

दोघांनी आपापले नकाशे उलगडले. माझा साहेबांच्या फायलीत होताच. साहेबांनी तिन्ही शेजारी धरले. तिन्हींवर माझं टपोरं 'मान्य', खाली लफ्फेदार सही. मग साहेबांनी वाफ्यांकडे पाहिलं. एकाही नकाशाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

"मग हे कशाप्रमाणे केलं?"

"सायबाला इचारून," मंगळू म्हणाला. "बांध घालू का? हो म्हनले. तण काढू का? हो म्हनले. लय देवमानूस! कुनाला नाय म्हनतच नाय!"

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. "ढुंढिराज, मागेल त्याला मागेल ते, एकही प्रश्न न विचारता देणारा माणूस कंपनीत एकच आहे. त्याची खरी जागा कुठे, सांगा बरं?"

रोपं जगली हो! पाणी आजही नितळ आहे. कंपनीने दुसरी बाग काढली, बाई आणि आल्हाद पुन्हा आले, आणि जागेवरचा शेवटचा शब्द मंगळूचा ठरला. परवा सकाळी तो स्टोअरच्या खिडकीशी आला. "सायेब, आवंदा फक्की येकालाच द्या. दुसऱ्याला नाय म्हना."

"मान्य!" मी म्हणालो.

दुपारपर्यंत फक्कीच्या दोन्ही गोण्या गेल्या होत्या.