क्षार दाखव!

फेटाळराव विम्याच्या कंपनीत कामाला होते. लोकांनी केलेले दावे फेटाळणं हेच त्यांचं काम. म्हणून तर ते नाव पडलं! सकाळी दहापासून "नाही" म्हणायला सुरुवात करायची, ते संध्याकाळी सहालाच थांबायचं. घरी आल्यावर मात्र हाच शब्द फुकटात वापरावा लागे.

"मी सांगते, हे घर सोडू या," बायको म्हणाली. तिनं चहाची इलेक्ट्रिक किटली त्यांच्या नाकासमोर उपडी धरली. आत पांढऱ्या क्षाराचा थर असा बसला होता, जणू किटलीला आतून प्लास्टर केलंय! "साबणाला फेस नाही. वॉशिंग मशीन दळण दळल्यासारखं ओरडतं. गिझर तापेपर्यंत माणसाचा अंघोळीचा मूड जातो. ताईच्या समोरचा फ्लॅट रिकामा झालाय. तिकडचं पाणी कसं गोड आहे!"

फेटाळरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाणी गोड असेल हो, पण ताईचा नवरा? साडूभाऊ घास किती वेळा चावावा यावर बोलायला लागले की समोरच्याचं जेवण गार होई. असा माणूस समोरच्या दारात? रोज? चपला घालून नव्हे, नुसत्या बनियनवर येईल तो!

"रविवारपर्यंत थांब," फेटाळराव गरजले. "तिन्ही यंत्रांतून क्षाराचा कण न् कण काढतो. एक जरी सापडला तर सोमवारी सामान बांध! आणि मेकॅनिक नको. पाण्यापुढे मी हात टेकणार नाही!"

"ठरलं. रविवारी ताई आणि भाऊजी येतायत. त्यांच्यासमोरच बघू."

रविवारी सकाळी बायको बाजारात गेली आणि फेटाळरावांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. किटलीत व्हिनेगर ओतलं. थोड्या वेळात थर पापुद्र्यासारखा सुटून आला, खाली स्टील चकाकलं. भांगसुद्धा पाडता येईल असा आरसा! त्यांनी विजयी मुद्रेनं पाणी भरलं. पाणी वरून आत गेलं आणि खालून शांतपणे बाहेर आलं.

"योगायोग," फेटाळराव म्हणाले.

वॉशिंग मशीनमध्ये लिंबूसत्व टाकून ते रिकामंच फिरवलं. ओरडणं थांबलं! मात्र मशीनखालून एक ओहोळ निघाला आणि हॉल बघायला गेला.

"दुसरा योगायोग."

गिझर रिकामा करून त्यातही लिंबूसत्वाचं पाणी भरलं. तासाभरानं नळ उघडला तेव्हा पांढरी खपली बादलीभर निघाली. मग गिझरच्या पोटातून एक बारीक धार सुटली. शेजारी दुसरी. जरा विचार करून तिसरी.

आता फेटाळरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळी भोकं क्षारानंच तर बुजवली होती! क्षारानं यंत्रं खाल्ली होती हे खरं, पण जेवण झाल्यावर तो भोकात बूच होऊन बसला होता. आणि त्यालाच यांनी हाकलून दिलं!

तेवढ्यात बेल वाजली. बायको, ताई आणि साडूभाऊ, तिघंही दारात!

"फेटाळराव, कसला हो आवाज येतोय?" साडूभाऊंनी कान टवकारले.

"कारंजं बसवलंय. शोभेला."

"न्हाणीघरात?"

"तिथेच जागा होती."

बायकोनं न्हाणीघरात डोकावलं, मशीनखाली बघितलं, गळकी किटली उचलली आणि कमरेवर हात ठेवला. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

फेटाळराव छाती काढून उभे राहिले. पायमोज्यांतून पाणी निथळत होतं. "तू क्षार म्हणालीस. क्षार दाखव!"

"सगळं घर गळतंय!"

"गळती क्षाराच्या व्याख्येत बसत नाही. घर सोडण्याचा दावा फेटाळण्यात येत आहे!"

बायकोनं तोंड उघडलं, तोच इमारतीचे सेक्रेटरी दारात आले. "गुड न्यूज! उद्यापासून आपल्याला नव्या टाकीचं पाणी. एकदम गोड! क्षाराचं नाव नको!"

"अगंबाई! मग घर कशाला सोडायचं?" बायकोचा चेहरा खुलला.

जिंकले! फेटाळरावांनी ओल्या हातांनीच सेक्रेटरींना मिठी मारली.

"म्हणजे इथे आता गोड पाणी," साडूभाऊ हनुवटी खाजवत म्हणाले. "आणि खालच्या फ्लॅटवर 'भाड्यानं देणे' अशी पाटी बघितली मी, बरोबर तुमच्या खालीच! आमच्या इमारतीत लिफ्ट कायम बंद. इकडे येण्यात अडचण होती ती फक्त पाण्याची. काय गं, येऊ या का आपणच?"

"मी तर एका पायावर तयार आहे!" ताई म्हणाली. बहिणींनी एकमेकींचे हात धरले.

फेटाळरावांचा घसा कोरडा पडला. सबंध घरात तेवढी एकच जागा कोरडी होती. पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हते!

"या की! जरूर या!" ते ओरडले. "फक्त आमच्या न्हाणीघराखाली तुमचं न्हाणीघर येतं. वरून धार लागेल डोक्यावर! आणि आमचा गिझर मी दुरुस्त करणार नाही. कधीच नाही!"

साडूभाऊंनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, त्यात काय एवढं? मी रोज अंघोळीला वर तुमच्याकडेच येत जाईन. मला गारच पाणी लागतं. टॉवेल तुमचाच वापरला तर चालेल ना?"