कागदावरचा स्वयंपाकी

२०१९ साल. माझं वय एकसष्ट, सबनीस साहेबांचं त्रेसष्ट. बहारीनमध्ये, बुसैतीनला एकाच इमारतीत आम्ही. मी खाली, ते बरोबर वर. माणूस भेटला की त्यांचा नमस्कार नाही, सलाम नाही. एकच सवाल : "नाव राहू द्या, काम काय करता?" गॅसवाल्याला विचारलं, भाजीवाल्याला विचारलं, मशिदीत बांग देणाऱ्यालाही सोडलं नाही. उत्तर वहीत.

हा नाद गावाकडून आला. त्यांच्या भावाने जुन्या खानेसुमारीचे फोटो फोनवर धाडले. खानेसुमारी म्हणजे घरोघर फिरून केलेली मोजणी. घरधनी कोण, माणसं किती, धंदा काय, सगळं मोडीत. साहेब या वयात मोडी शिकले, पण फोटो बोटांनी मोठा करायला नाही शिकले. फोनवर भिंग धरून बसत. त्यांना हवा होता आजोबांच्या आजोबांचा, विठोजींचा धंदा. नेमका तोच शब्द कसरीने खाल्लेला.

साहेब मला सांगत, "मिस्त्री, सबनीस हे आडनावच हुद्द्याचं. फौजेची हजेरी ठेवणारे आम्ही."

आतून नलिनी वहिनी म्हणायच्या, "पस्तीस वर्षं हजेरीच ऐकतेय. काय करत होते ते एकदाचं शोधा. कळल्याशिवाय मी जात नाही."

गेल्या. शोध राहिला.

वहिनी गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी साहेबांनी आमच्या इमारतीचीच खानेसुमारी मांडली. मला विचारलं. म्हटलं, सुतार.

"कार्ड बघू."

इथल्या सरकारी ओळखकार्डावर 'कूक'. जवानीत जो व्हिसा मिळाला तो घेतला, तो कूकचा निघाला. मी अंडं उकडलं तरी करपतं. मआमीरच्या कारखान्यात रंधा मारून माझे हात झिजले. साहेबांच्या घरातलं सागवानी कपाट माझ्याच हातचं. तरी त्यांनी लिहिलं : स्वयंपाकी.

"कागद बोलतो, मिस्त्री. आपण नाही."

मी चौथी शिकलेला, पण अब्रू पदवीधराएवढी. पुढे त्यांच्या कपाटाचं दार घासायला लागलं. बोलावणं आलं. म्हटलं, "स्वयंपाक्याला दार कुठलं जमायचं? मफी, नाही म्हणजे नाही." मग रोज सकाळी सातला माझ्या डोक्यावर त्या दाराची एकदाच करकर. मी खाली चहा पीत मजेत ऐके.

एक दिवस भावाने कसर न लागलेल्या दुसऱ्या नकलेचा फोटो धाडला. त्यानंतर दोन दिवस साहेब खाली उतरले नाहीत. मीच वर गेलो. भिंग पालथं पडलेलं.

"पाणक्या," साहेब म्हणाले. "लोकांच्या घरी पाणी भरत होते."

"मग? इथल्या उन्हात पाणी आणून देणाऱ्याला कोण हसेल?"

"तिला काय सांगू, मिस्त्री?"

"अहो साहेब, मला स्वयंपाकी लिहिणारा तुमच्यासारखा कारकून तिथेही असेल. एका शब्दात माणूस मावतो होय?"

साहेबांनी भिंग उचलून सरळ ठेवलं. मग हसले. "ती म्हणाली असती, बरं झालं, घरात एक तरी कामाचा निघाला." वही ओढली, 'स्वयंपाकी' खोडलं आणि ठळक अक्षरात 'सुतार' लिहिलं.

"आणि कार्ड?"

"खलास."

माझी ओळ नीट बघायला मी वही जवळ घेतली. खालीच त्यांची ओळ. सबनीस. धंदा : निवृत्त. माणसं : दोन.

वही यंदाची होती. वहिनी गेल्या साली गेलेल्या. मी वही मिटून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधीच रंधा घेऊन वर गेलो. दार उतरवलं, खालची कड तासली, परत बसवलं. साहेबांनी उघडलं. आवाज नाही. आत वहिनींच्या साड्या, घडी न मोडलेल्या. साहेब दाराला हात लावून उभे राहिले आणि हलकेच म्हणाले, "अगं, पाणक्या होते."

मी खाली बसून लाकडाचा कीस गोळा करत राहिलो.