मास्तरांच्या पुस्तकातली बाई

टपालवाला गल्लीत शिरला की आमचे शेजारी चनबसप्पा मास्तर रांजणामागं लपायचे. चाळिशीचा बाप्या, शाळेत पोरांना शिकवणारा! मिलचा भोंगा उभ्या सोलापूरला रोजचाच, तरी हे रोज दचकायचे. काही झालं की छातीवर हात आणि एकच बोलणं, "अण्णा, संपलं!"

लग्न केलं न्हाय. बायकोशी काय बोलायचं, ह्याची भीती. जेवायला आमच्याकडं. माझ्या बायकोला अक्का म्हणायचे. ती वाढताना ओरडायची, "मास्तर, भाकरी काय चावत न्हाय, खावा की!" ती तापानं गेली तसे ते खाणावळीत जाऊ लागले, आणि घरी दार लावून काहीतरी लिहू लागले.

मग पुण्याच्या एका प्रकाशकानं त्यांची कादंबरी घेतली. पहिलंच पुस्तक. मी म्हटलं, पेढे आणा. मास्तरांना तापच भरला.

"अण्णा, संपलं. प्रकाशक शेवटी बाई मारा म्हणतो. लोक रडले तर खपतं म्हणे. नाहीतर छापत नाही."

"मग मारा की! कागदावरची बाई, तिला काय दुखतंय?"

मास्तर माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच सुरा घेऊन उभा हाय. दुसऱ्या दिवशी आगगाडीला भिणारा हा माणूस एकटा पुण्याला गेला. परत आल्यावर विचारलं, काय झालं? "संपलं," म्हणाले आणि कडी लावून घेतली.

पुस्तक आलं. माझ्या हातात कोंबून मास्तर पळाले. "अण्णा, रागावू नका!"

माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षराला अक्षर लावत गेलो. पुस्तकातली बाई ओरडत होती, "भाकरी काय चावत न्हाय, खावा की!" नवऱ्यानं धोतराला हात पुसले की उलथनं उगारत होती. माझ्यावर उगारायची तसंच. पुढं तिला ताप आला. माझ्या घरात आला होता तसाच. पान संपलं. उलटायला बोट उचलंना. जन्मात कुणाला भ्यालो न्हाय, त्या कागदाला भ्यालो. एकदा तिला माती दिली. पुन्हा कशी देऊ?

मधल्या भिंतीला तोंड लावून ओरडलो, "मास्तर, मारली काय हो अक्काला?"

पलीकडं पावलं भिंतीजवळ आली. मग बारीक आवाज आला, "उलटा की, अण्णा."

उलटलं. ताप उतरला होता. बाई चुलीपुढं बसून नवऱ्याला हाका मारत होती, भाकरी गार होतीया म्हणून.

"मास्तर," मी म्हटलं, "हितं या. पुढचं तुमी वाचा. मला दिसंना."