हिवाळेकाकांचा द्राक्षारस

हिवाळेकाकांना बसलेलं पाहिल्याचं आमच्या सोसायटीत कुणालाच आठवत नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोन तर जिन्यात. सकाळी ते दात घासत घासत चौथ्या मजल्यावरून खाली येतात, ब्रश तोंडात ठेवूनच माळ्याला दोन सूचना करतात आणि चूळ भरायला परत वर जातात. आमच्याकडे आले आणि मी खुर्ची पुढे केली, की ठरलेलं वाक्य: "बसतो कसला! एकच मिनिट आलोय." मग पुढचा पाऊण तास खिडकीपासून फ्रिजपर्यंत येरझारा. आमच्या गालिच्याचा तेवढा पट्टा फिका पडलाय. नवीन पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं.

स्वतःची ओळख ते अशी करून देतात: "नाव वसंत, आडनाव हिवाळे, राहायला दिल्लीत. म्हणजे उन्हाळा तेवढा वरकड!" हा विनोद मी दिल्लीच्या द्वारकेत राहायला आल्यापासून निदान शंभरदा ऐकलाय. समोरचा हसेपर्यंत काका पुढच्या माणसाकडे पोचलेले असतात.

मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. केंद्र सरकारच्या एका खात्यात पस्तीस वर्षं काढली. सेक्शन ऑफिसर असूनही फाइल शिपायाकडे न देता स्वतःच मजल्या-मजल्यांवर फिरवायचे. साहेब खुर्चीवर कधीच नसतात अशी तक्रार झाली, पण शिपाई मंडळींनी त्यांच्या निरोप समारंभाला स्वतःहून हार आणला. चर्चमध्ये दानाची थैली फिरवायचं काम त्यांनी मागून घेतलंय. प्रवचनाला मात्र इलाज नसतो. तेव्हा ते शेवटच्या रांगेमागे उभे राहून पंख्यांची बटणं तपासतात. दिल्लीहून नगरला जाताना ते गाडीत बसत नाहीत, गाडीतून चालत जातात, असं रूथकाकू म्हणायच्या.

रूथकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. जिथे बसल्या तिथे बसल्या, अशी शांत बाई. त्यांची एक गोष्ट सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होती. फेब्रुवारीत काळी द्राक्षं स्वस्त झाली, की त्या चिनी मातीची मोठी बरणी भरायच्या, आणि नाताळच्या सकाळी आमच्या प्रत्येकाच्या घरी एकेक छोटी बाटली यायची. वाइन म्हटलेलं काकांना खपायचं नाही, दारू तर नाहीच नाही. "द्राक्षारस म्हणा. पवित्र शास्त्रातला शब्द आहे." माझ्या सासूबाई चातुर्मास पाळणाऱ्या, पण ती बाटली आली की म्हणायच्या, "खोकल्याला बरी असते," आणि मग मार्चपर्यंत त्यांना खोकला असायचा.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत काकू गेल्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत काकांनी स्वतः बरणी भरली. नाताळच्या सकाळी दारात उभे. "सलाम, वैशाली. हा घे. कसा झालाय ते सांग."

कसा झालाय ते पहिल्याच घोटाला कळलं. चक्क व्हिनेगर. माझ्या नवऱ्याच्या, दिलीपच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण चेहऱ्यावर काही न दाखवता आम्ही म्हणालो, "फर्स्ट क्लास, काका!" उरलेल्या बाटलीत मी छोटे कांदे मुरत घातले. ढाब्यावर मिळतात तसे गुलाबी झाले, पाहुण्यांनी मागून मागून खाल्ले. पुढच्या तीन नाताळांत तेच. पहिल्या मजल्यावरच्या मिसेस भाटिया तर त्यांच्या बाटलीनं नळाची तोटी चकचकीत करतात. काकांना कुणी बोललं नाही. बोलायचं तरी कसं?

गेल्या जानेवारीत आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेकीनं, सईनं, एक कूपन पाठवलं. मानेसरच्या पुढे अरवलीच्या टेकड्यांजवळ एक महागडी वायनरी झालीये, तिथं दोघांसाठी टेस्टिंग. दिलीपनं त्याच रविवारी मराठी मंडळाच्या बसमधून पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला जायचं ठरवलं होतं. "पानिपतला जायचं सोडून मी ग्लास हुंगत बसू?" म्हणाला. मी कूपन बाजूला ठेवणार, तेवढ्यात गालिच्यावरून चालता चालता काका थांबले.

"तिथं चव घेणारे लोक असतात का? शिकलेले?"

"असतात ना. तेच तर काम त्यांचं."

"मी येतो," काका म्हणाले, आणि दार न लावताच निघून गेले.

रविवारी ते सूट घालून खाली आले. हातात कापडी पिशवी, तीही छातीशी धरलेली. गाडीत बसणं भागच होतं, पण त्यालाही त्यांनी तोड काढली. सीटबेल्ट लावायचा, काढायचा, काच खाली, काच वर. एका सिग्नलला चक्क उतरले आणि पुढच्या ट्रकवाल्याला त्याची ताडपत्री सुटल्याचं सांगून आले. मागून हॉर्नचा कल्लोळ. "काका, प्लीज!" मी ओरडले.

"एकच मिनिट लागलं की," म्हणाले. एवढं सगळं करताना पिशवी मात्र त्यांनी खाली ठेवली नव्हती.

गेटवर गार्डनं विचारलं, "अंकल, बैग में क्या है?" बाजूला पाटीच होती, बाहेरचं खाणंपिणं आणू नये.

"दवाई है," काका म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आभाळाकडे पाहत होते.

आत काचेचा भला मोठा हॉल, उंच स्टुलं आणि बाहेर छाटलेल्या वेलींच्या चार रांगा. जानेवारीत त्यांवर एक पान नव्हतं. "ह्या काड्यांचा द्राक्षारस?" काकांनी मोठ्यांदा विचारलं. आमच्यासोबत गुरुग्रामची दोन जोडपी होती, ती फोटो काढायची थांबली.

टेस्टिंग घेणारी बाई पस्तिशीची, नाव गुंजन. बोलायला चटपटीत आणि इंग्रजी असं, की शब्द ग्लासात फिरवून मग बाहेर काढल्यासारखे. हा माल मुळात नाशिकचा, इथल्या वेली दाखवण्यापुरत्या, हे तिनं काकांच्या तिसऱ्या प्रश्नाला हसून कबूल केलं.

पहिला ग्लास आला. गुंजन म्हणाली, फिरवा, हुंगा, हिरवं सफरचंद जाणवेल आणि मागाहून ओला दगड.

"ओला दगड चाटलाय कुणी?" काकांनी मला मराठीत विचारलं, पण आवाज त्यांचा सेक्शनभर जाणारा. मग ग्लास घेऊन ते खिडकीशी गेले, तिथून दाराशी, दारातून परत. जोडपी माना वळवून वळवून थकली. चव घेतल्यावर थुंकायचं असेल तर हे, असं म्हणत गुंजननं एक चकचकीत भांडं पुढे सरकवलं. काका जागच्या जागी थबकले.

"थुंकायचं? द्राक्षारस?" त्यांनी आपला ग्लास एका दमात संपवला, जणू कुणी तो हिसकावून भांड्यात ओतणार होतं.

दुसरा ग्लास, तिसरा. काकांची चुळबुळ वाढतच चाललेली. बाहेर जात, पिशवी चाचपत, आत येत. काचेपलीकडे बसलेल्या मॅनेजरनं दोनदा मान वर करून पाहिलं. मी त्यांच्यामागे गेले. "काका, काय झालंय? निघायचं का?"

"नाही नाही. अजून नाही."

चौथ्या ग्लासानंतर जोडपी खरेदीला दुकानाच्या बाजूला गेली. तेवढ्यात काकांनी टेबल गाठलं आणि पिशवीतून बाटली काढली. सरबताची जुनी बाटली, बुचावर मेणबत्तीचं मेण. तळाशी चार बोटं उरलेलं काळसर लाल काहीतरी. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत, शिक्षिकेच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: नाताळ.

ते अक्षर मी ओळखलं. रूथकाकूंचं.

"मैडम," काका म्हणाले, "ये मेरी मिसेस ने बनाया था। आखिरी वाला। इसमें क्या-क्या डाला है, बस इतना बता दीजिए।"

गुंजन गोंधळली. "सर, बाहर की बॉटल यहाँ..."

"मालूम है।" मग माझ्याकडे वळून मराठीत घाईघाईनं बोलायला लागले, मी तिला समजावून सांगावं म्हणून. "चार वर्षं करतोय, वैशाली, जमत नाही. तुम्ही सगळे चांगले लोक, फर्स्ट क्लास म्हणता. मला जीभ नाही का? तिनं कधी लिहून ठेवलं नाही. आणि मी... चाळीस वर्षांत एकदासुद्धा दहा मिनिटं तिच्याजवळ स्वयंपाकघरात उभा राहिलो नाही गं. ती बरणी भरायला लागली की मी आपला खाली माळ्याशी बोलतोय."

मी गुंजनला हिंदीत थोडक्यात सांगितलं. तिनं काचेपलीकडे मॅनेजरकडे पाहिलं. मग एक स्वच्छ ग्लास उचलला आणि म्हणाली, "बाहर आइए। जल्दी।" आता तिचं बोलणं सरळ हरियाणातल्या रोहतकचं झालं होतं.

बाहेर गच्चीवर ऊन होतं. काकांनी चमचाभर ओतलं. गुंजननं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. काका तिच्या समोर, बाटली दोन्ही हातांत धरून उभे.

"गेहूँ है," ती म्हणाली. "लौंग है, पर दो-चार ही।"

"दालचिनी?" काका. "मैं तो मुट्ठी भर डालता हूँ।"

"बिल्कुल नहीं है।" तिनं पुन्हा हुंगलं, जिभेवर थेंब घेतला. "किन्नू का छिलका। सूखा हुआ।"

"किन्नू! बघ, वैशाली, इकडचं संत्रं, किन्नू!" काका लहान मुलासारखे माझ्याकडे वळले.

"और चीनी जलाई है। कड़ाही में जलाकर काली की है, फिर डाली है। रंग उसी का है।"

काका अगदी हळू म्हणाले, "दर फेब्रुवारीत घरात जळका वास यायचा. मी ओरडायचो, रूथ, काय जाळलंस? आणि खिडक्या उघडत सुटायचो. ती म्हणायची, काही नाही, तुम्ही जाऊन या खाली. मी जायचो. मला वाटायचं, तिचं लक्ष नसतं."

मी वेलींच्या काड्यांकडे पाहत राहिले.

"मेरा वाला खट्टा क्यों होता है?" काकांनी विचारलं.

"बार-बार खोलते हैं क्या?"

"दिन में पाँच-छह बार। देखने के लिए।"

गुंजनला हसू आलं. पण लगेच तिचा चेहरा बदलला. तिनं ग्लास परत नाकाशी नेला. "सर, ये भी खोलते हैं?"

"इस क्रिसमस से, हर इतवार। पीता नहीं। बस सूँघता हूँ।"

"इसमें भी खटास शुरू हो गई है," ती म्हणाली. "हवा लग रही है। दो हफ़्ते, बस। फिर सिरका, विनेगर। पी लीजिए, सर।"

काका बाटलीकडे पाहत राहिले. ती फोडून टाका म्हणून सांगितल्यासारखे. मी म्हणाले, "काका, घरी नेऊ या. निवांत घ्या."

"घरी कुणाबरोबर घेऊ?"

ते एवढं साधं म्हणाले, की मला खाली पाहावं लागलं. गुंजन आत गेली आणि आणखी दोन ग्लास घेऊन आली. काकांनी तीन वाटे केले. थेंब थेंब करून, एकात जास्त पडला तर दुसऱ्यात घालून. बाटली उपडी करून शेवटचा थेंब गुंजनला दिला. मग डोळे मिटून ओठ हलवले. प्रार्थना होती, पण आवाज नव्हता.

आम्ही प्यायलो. लवंगेचा जरासा चटका, मागे किन्नूचा कडवटपणा, आणि अगदी शेवटी, नुसता जाणवेल इतका, आंबटपणाचा धागा. मला काकूंचं स्वयंपाकघर दिसलं. माझ्या सासूबाईही दिसल्या, खोकत.

"बहुत अच्छी थी," गुंजन म्हणाली, मग चटकन सावरून, "है।" आणि आतून मॅनेजरची हाक आल्यावर तिन्ही ग्लास उचलून गेली.

काका कठड्याला टेकले होते. रिकाम्या बाटलीवरची चिठ्ठी अंगठ्यानं सारखी करत होते. कोपरा सुटला होता, तो बसत नव्हता.

"दर नाताळात पहिला घोट ती मला द्यायची," ते म्हणाले. "बघत उभी राहायची, मी काय म्हणतो ते. आणि मी काय म्हणायचो माहितेय? साखर जरा जास्त झाली. दर वर्षी, चाळीस वर्षं. घाईत असायचो ना, काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणायचो."

ओठांवर राहिलेली चव त्यांनी पुन्हा एकदा जिभेनं घेतली.

"बरोबर होती गं साखर," म्हणाले. "अगदी बरोबर होती."