मधला

शनिवारी सकाळी गाद्या काढता काढता चष्मेवाल्याच्या बायकोनं साधाच प्रश्न विचारला, "लंबूला मुलं किती?"

चष्मेवाला गडबडला. लंबू त्याचा कॉलेजातला जिवलग दोस्त. पण नोकऱ्या लागल्या, गावं बदलली आणि दोस्ती वाढदिवसाच्या फोनपुरती उरली. आता इतक्या वर्षांनी तो दोन दिवस राहायला येत होता, पोराबाळांसकट.

"मुलगी आहे. मागून मुलगा झाल्याचं ऐकलं होतं."

"ऐकलं होतं? फोन करून विचार की!"

"काय विचारू? बाबा रे, तुला पोरं किती? तो आल्या पावली परत जाईल."

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावर त्याच दिवशी नवं बिऱ्हाड येत होतं, जिन्यात कपाट अडकलं होतं. हमालांच्या आरडाओरड्यातून वाट काढत लंबू आणि त्याची बायको दारात उभी राहिली. "किती सुटलास!" "तू किती वाळलास!" असं चाललं असतानाच मोठ्यांच्या पायांमधून पोरं घरात घुसली. एक मुलगी. एक मुलगा. आणि आणखी एक मुलगा.

"तीन!" बायको स्वयंपाकघरात कुजबुजली.

"झाला असेल मधे," चष्मेवाला म्हणाला. "आपल्याला कळवलं नाही, एवढंच." त्याला जरा लागलं होतं, पण पाहुण्यांसमोर तो हसत राहिला.

हा मधला पोरगा गुणी होता, पण कोड्यात टाकणारा होता. तो लंबूला 'काका' म्हणत होता.

"बापाला काका?" चष्मेवाल्यानं बायकोला बाजूला घेऊन विचारलं.

"म्हणतात काही घरांत. एकत्र कुटुंबात ऐकून ऐकून सवय लागते."

जेवणाच्या वेळी मात्र बायकोचा पारा चढला. लंबूच्या बायकोनं मुलीला वाढलं, धाकट्याला मांडीवर घेऊन भरवलं, आणि मधल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो बिचारा रिकाम्या ताटलीवर चमचा वाजवत बसला होता. बायकोनं त्याला जवळ ओढलं, भात कालवला आणि घास भरवला. लंबूची बायको हे सगळं कौतुकानं पाहत होती.

"किती लाघवी आहे नाही?" ती म्हणाली.

"आहेच मुळी!" बायको जरा तोडूनच बोलली.

दुपारी पोरांनी अंगावर रंग सांडले. लंबूच्या बायकोनं बॅग उघडून दोघांचे कपडे बदलले. मधल्यासाठी बॅगेत काहीच नव्हतं. तो चष्मेवाल्याचा शर्ट घालून, बाह्या लोंबवत घरभर फिरू लागला. आता चष्मेवाल्यालाही राहवेना. त्यानं लंबूला गॅलरीत गाठलं.

"हे बघ, मित्र म्हणून सांगतो. पोरापोरांत असा भेदभाव बरा नव्हे."

"कसला भेदभाव?"

"त्या मधल्याला खायला नाही, कपडे नाहीत. वहिनी त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

लंबू खांबासारखा उभा राहिला. "अरे, तो तुझा ना?"

"माझा?"

"आम्ही सकाळपासून तेच बोलतोय! मुलगा झाला आणि पठ्ठ्यानं कळवलं नाही. तो तुझ्या बायकोला काकू म्हणाला, तेव्हा ही म्हणाली, दत्तक असेल, आपण होऊन विषय काढू नका."

दोघांनी एकदमच आत धाव घेतली. मधला पलंगाखाली लपला होता. चष्मेवाल्यानं वाकून विचारलं, "बाळा, तुझं घर कुठं?"

"वर," पोरगा म्हणाला. "हळू बोला, माझ्यावर राज्य येईल."

वर खोक्यांच्या पसाऱ्यात त्याची आई बसली होती. पोरगा आजीबरोबर मागच्या गाडीतून येतोय, असा तिचा समज होता. त्याला पाहून आधी ती हसली, मग तो सकाळपासून खालीच होता हे कळल्यावर पांढरीफटक पडली. तिनं त्याला छातीशी धरलं, पाठीत धपाटा घातला आणि पुन्हा छातीशी धरलं.

खाली चौघांनी सकाळपासूनचे आपापले अंदाज एकमेकांना सांगितले. मग लंबूला हसू फुटलं आणि सगळेच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आता महिन्याला फोन करायचा," लंबू म्हणाला. "आणि पोरं मोजून सांगायची!" तेव्हा कुठं खऱ्या गप्पा सुरू झाल्या. पोरं खोक्यांत खेळायला वर गेली होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात धुळीनं माखलेली चार पोरं उभी होती. तीन ओळखीची. चौथा नवाच.

चष्मेवाला आता शहाणा झाला होता. तो उकिडवा बसला आणि चौथ्याच्या डोळ्यांत बघून सरळ विचारता झाला, "बाळा, तू कुणाचा?"

पोरगा गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं.

"काका, मी इथलाच. तुम्ही रोज सकाळी मला टाटा करता की!"