संपाच्या दिवशीचा मुराळी

आमच्या शेजारचे मल्लाप्पा मामा कुठंही जायचं असलं की आदल्या दिवशी बसस्थानकावर जाऊन गाडी बघून येतात. तिकीट काढायला नाही, वेळ विचारायला नाही, नुसती बघायला. लग्नाची मुलगी बघावी तशी ते गाडी पुढून, मागून, चाकांकडून बघतात, ती फलाटावरून निघाली की तिला हात करतात आणि समाधानानं घरी येतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळच्या गाडीनं जातात.

"पण मामा, कालची गाडी आणि आजची गाडी वेगळी असते ना?" मी एकदा धीर करून विचारलं.

"खानदान बघायचं असतंय, मॅडम," मामा म्हणाले.

मॅडम म्हणजे मी. इंग्रजी शाळेचा टाय लावून मी पहिल्यांदा गल्लीतून गेले त्या दिवसापासून मी मॅडम आहे. शाळा संपली, कॉलेज संपलं, आता घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करते, तरी बढती मिळालेली नाही.

मामांच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असतो. तो तोंड पुसायला नसून जागा धरायला आहे. गाडी फलाटाला लागण्याआधीच तो खिडकीतून आत पडलेला असतो. सवय इतकी की रिकाम्या गाडीतही ते आधी बाहेरून टॉवेल टाकतात, मग शांतपणे दारातून चढतात. आमच्या ताईच्या लग्नात पहिली पंगत बसायच्या आत एका पाटावर टॉवेल पडला होता. दाताच्या दवाखान्यात तर त्यांनी डॉक्टरांच्या खुर्चीवर टाकला, आणि आधीचा पेशंट अजून तिच्यातच होता.

मामांची गुळाची अडत होती, ती आता पुतणे बघतात. शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत मामा एकटेच राहतात. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणतात, "तेवढी येकच गाडी चुकली." आणि मोठ्यानं हसतात. त्यामुळे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्यांचा खरा राग मोटारीवर. "मोटारीत माणूस पोत्यागत जातंय. कंडक्टर न्हाई, घंटी न्हाई, शेजारी कोण पावणं न्हाई. पोचतंय खरं, पण गेल्यागत वाटत न्हाई."

अशा मामांच्या वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे नागपंचमीचा आदला दिवस. त्या दिवशी ते आजऱ्याला जातात आणि आपल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, माहेरी घेऊन येतात. सासरी गेलेल्या बहिणीला सणाला आणायला जाणाऱ्या भावाला मुराळी म्हणतात, हे मला मामांनीच सांगितलं. मला तो शब्द माहीत नव्हता म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे फार काळजीनं पाहिलं होतं. "मग काय शिकिवलं गं त्या शाळंत?"

अक्का पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्यांना पणतू आहे. सासू, सासरे, नवरा, धाडायचं की नाही हे ठरवणारं कोणीच आता उरलेलं नाही. नातवाकडे मोठी गाडी आहे, तो वाटेल तेव्हा आणून सोडेल. पण मुराळी गेल्याशिवाय अक्का निघत नाहीत, आणि मुराळी एस.टी.शिवाय जात नाही.

यंदाही मामा आदल्या दिवशी गाडी बघून आले. "ठणठणीत हाय," म्हणाले. आणि पहाटेपासून एस.टी.चा संप सुरू झाला.

सकाळी मामा आमच्या दारात उभे. धोतर, टोपी, हातात पिशवी, चेहरा असा की ठरलेल्या सोयरिकीतून मुलगी पळून गेली आहे.

"समद्या गाड्या आत उभ्या हायत्या. कालची सुदीक." त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. ते बाहेरगावी जाताना ती आमच्याकडेच असते.

"मग आज नका जाऊ, मामा. अक्कांचा नातू कारनं सोडेल की."

"मुराळी घरात आन् अक्का मोटारीत?" मामांनी टॉवेल झटकला. "कागलपतोर वडाप. तिथनं निपाणीला कर्नाटकाची गाडी, त्यास्नी कुठाय संप? निपाणीतनं उत्तूरला कायतरी गावतंयच. उत्तूर म्हंजे आजरा आलाच. सरळ हाय की!"

वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. मामांचे गुडघे मला माहीत होते. पण त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यादेखत बंद केला. घराबाहेर पडताना ते फोन नेहमी बंद करतात, बॅटरी संपू नये म्हणून.

ते जाऊन बराच वेळ झाला होता. आई ऑफिसला गेलेली. मी कॅमेरा बंद ठेवून एका मीटिंगमध्ये बसले होते, तेवढ्यात आमच्या फाटकाशी एक मोठी गाडी थांबली. तिच्यातून हिरव्या इरकली लुगड्यातल्या अक्का उतरल्या. नातवानं पिशवी उतरवली, "मला कामाला उशीर होतोय," म्हणाला आणि गेलासुद्धा.

"अक्का, तुम्ही? मामा तुम्हाला आणायला गेलेत!"

अक्का मटकन आमच्या पायरीवर बसल्या. "यप्पा! संप हाय म्हटल्यावर गेला कशाला त्यो? त्याचं गुडघं बघिटलंस न्हवं? धावपळ नको म्हणून तर मी आले. म्हटलं तुमच्या हितं बसावं, तम्मानं शेजारनं येऊन न्यावं. मुराळी आल्याशी मतलब. दोन गावांवरनं आला काय आन् भिंतीपलीकडनं आला काय."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अक्कांच्या तोंडी कन्नड येतं. सत्तरीकडे झुकलेले मामा कोणाचे तरी तम्मा आहेत हे दरवर्षी ऐकूनही मला गंमत वाटते.

मी किल्ली पुढं केली. "घर उघडून देते. आत जाऊन आडव्या व्हा."

अक्कांनी किल्लीकडे असं पाहिलं की मी ती मागंच घेतली. "न्यायला आल्याबिगर माहेरच्या दारात पाय ठेवू? माणसं काय म्हंतील?"

"कोण माणसं?"

"तम्मा," अक्का म्हणाल्या.

मी मीटिंग सोडली. मला पाहुण्यांशी काय बोलावं ते सुचत नाही, पण अक्कांना त्याची अडचण नव्हती. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी धरतात तो उपवास होता, त्यामुळे त्यांनी फक्त चहा घेतला. मग माझं लग्न, माझा पगार, माझं वजन असे विषय एकेक करून हाताळले. मधेमधे मामांना फोन लावायला सांगायच्या. तो बंदच. नातवाला कळवलं, त्याच्या आजऱ्याच्या घरीही फोन करून ठेवला.

दुपारी आजऱ्याहून नातसुनेचा फोन आला. "मामा आत्ताच आलते! काजूच्या टेम्पोत बसून. आजींना तुमच्याकडं सोडलंय म्हटल्यावर पाणी पिऊन तसेच मागारी फिरले. थांबा म्हटलं, कुणीतरी गाडीनं सोडतील. तर म्हणाले, मुराळी रिकामा चाललाय, गाव जागं व्हायच्या आत जाऊ दे. दुपारी झोपतात ना इकडं सगळी."

ऐकून अक्का आधी हसल्या. मग रस्त्याकडे तोंड करून बसल्या. "दिवेलागणीच्या आत यायला पायजे बाई. दिवं लागल्यावर लेक धाडत न्हाईत. मग आज न्हाई न्हेता यायचं त्याला. आजपतोर कधी चुकिवलं न्हाई त्यानं."

आता मलाही रस्त्याकडे बघत बसावं लागलं. ऊन उतरलं. शाळेच्या रिक्षा येऊन गेल्या. अक्का माहेरी आल्याची बातमी गल्लीत फुटली होती. बायका हातात लाह्या, तंबिटाचे लाडू घेऊन मामांच्या पायऱ्यांवर जमल्या, तिथूनच अक्कांना हाका मारू लागल्या. अक्का हलल्या नाहीत.

दिवे लागायला थोडाच अवकाश असताना एका अनोळखी माणसाच्या मोटरसायकलवरून मामा उतरले. टोपी खिशात, धोतरावर धूळ, अंगाला काजूच्या टरफलांचा वास. स्वतःच्या घराकडे त्यांनी पाहिलंही नाही. आमच्या नळावर पाय धुतले, टोपी घातली, आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. अक्का दाराआड उभ्या राहिल्या. बहिणीकडे न बघता मामा मला म्हणाले,

"राम राम. पंचमीला अक्काला न्यायला आलोय. धाडता न्हवं?"

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मीच अक्कांची सासू होते.

"पाणी दे त्याला आदी," अक्का दाराआडून कुजबुजल्या. "गूळ दे. आन् लगीच व्हय म्हणू नको."

मी गूळ-पाणी दिलं. थोडं थांबले. "पण... परत कधी आणून सोडणार?" असं विचारलं. अक्कांनी समाधानानं मान हलवली.

"पंचमी झाली की सोडतो. काय काळजी करू नगासा."

"बरं. न्या मग."

माझ्या आवाजात एवढी सत्ता मी यापूर्वी ऐकली नव्हती. मामांनी मला वाकून नमस्कार केला आणि ताबडतोब बाहेर जाऊन रिक्षा थांबवली.

रिक्षावाला दोन्ही दारांकडे आळीपाळीनं बघत होता. "मामा, हे शेजारचंच घर न्हवं तुमचं?"

"तुला काय करायचंय? गप हुबा ऱ्हा."

अक्का आत पदर नीट करत होत्या. मी पिशवी घेऊन बाहेर आले. "मामा, भिंतीपलीकडे तर जायचंय."

मामांनी पायऱ्यांवरच्या बायकांकडे पाहिलं. मग एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा आवाज अगदी खाली आणला. "येकदा आत गेली की ती समद्यांची हुती, बाळ. ह्या बसल्यात बघ वाट बघत. आजऱ्यापासनं हितपतोर तेवढी माझ्या वाट्याला येती. खिडकीला ती, शेजारी मी. घरात बोलायला कोण हाय मला? वरीसभराचं साठिवलेलं आसतंय. आज गाडीच न्हाई, तर बोलू कवा?"

त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अक्का आल्या, रिक्षात आतल्या बाजूला बसल्या. कुठं चाललोय हे त्यांनी विचारलं नाही. मामा शेजारी बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "रंकाळ्याकडनं घे. सावकाश." रिक्षा मामांच्या दारापासून उलट्या दिशेला निघाली. वळणावर मला मागच्या काचेतून दिसलं, मामांचे हातवारे सुरूसुद्धा झाले होते आणि अक्का मान हलवत होत्या.

पायऱ्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. "अगं, हे कुठं गेले? अक्का कुठाय?"

"येतायत," मी म्हणाले. "आजऱ्याहून निघालेत. वाटेत आहेत."