कोकिळाबाईंची पाळी

पाटाच्या पाण्याबाबत आपल्याला गंडवणारा माणूस पाचोरा तालुक्यात अजून जन्मला नाही, असं झुलाल नाना छातीठोकपणे सांगत. त्यामुळे बायको फोनवर बहिणीला काय सांगतेय हे कानावर पडलं आणि त्यांचं टाळकंच सटकलं!

"अक्का, मनी पाळी बंद व्हयी गयी. सा महिना झाया. आंग नुसतं पेटस, झोप नही."

कोकिळाबाईंना माहेरच्या वाट्याची दोन एकर जमीन होती. ती त्या एकट्याच कसायच्या. नाना तिकडे फिरकतही नसत. सहा महिने पाण्याची पाळी बंद आणि ही बिचारी एकटीच जळतेय! नानांना भरून आलं.

सकाळी पाणीवापर संस्थेच्या सभेत ते ताडकन उठले. "मनी कोकिळानी पाळी सा महिनापाईन बंद शे! आज चालू करा, नहीतं मी हालाव नही!"

पाणी सोडणारा बन्सीलाल चाचरला. "नाना, वहिनीना वावरमा पानी तं मी मंगळवारीच सोडं... वहिनीनं वय काय?"

"पन्नास! वय झायं म्हनीसन पाळी बंद करतस का?"

"ते आमना हातमा नही, नाना."

"मंग कोना हातमा शे? नाव सांग!"

पुरुष छताकडे बघू लागले. बायकांनी तोंडात पदर कोंबले. तेवढ्यात बायकांमधून कोकिळाबाई उभ्या राहिल्या, आणि नानांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धरणीमाय, पोटात घे!

पण कोकिळाबाई शांत होत्या. "पानीनी नही, मनी पाळी बंद झायी. लाज कसानी? उद्या डाक्टरबाईकडे जाई ऱ्हायनी. मनासंगे कोनले येनं शे?"

सात हात वर झाले! काय बाई आहे ही, नाना बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गाडी काढून आठही जणींना जळगावला नेलं.

डॉक्टरबाईंनी तपासून सगळे उपाय सांगितले: हार्मोनच्या गोळ्या, हार्मोनशिवायची औषधं, रोजचा व्यायाम. कोकिळाबाईंनी बियाणं निवडावं तसं एकेकाबद्दल खोदून खोदून विचारलं. फायदा काय, धोका काय, किती दिवस घ्यायचं? मग स्वतःच ठरवलं. नानांची छाती अभिमानाने फुगली.

"झोप कशाने मोडते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अर्धी आंगनी आगमुळे."

"आणि उरलेली अर्धी?"

कोकिळाबाईंनी नुसतं नानांकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर गोळीच्याही वर लिहिलं: घोरणाऱ्याने दुसरीकडे झोपावे.

कोकिळाबाईंना आता गाढ झोप लागते. नाना गोठ्यात झोपतात. बैलांची अजून तरी तक्रार नाही!